पहिल्या तारखेला दोघांना एका बाकावर बसवण्याआधी…

मानेवाडा_रोड | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. विषय जड आहे, पण इथे वकील आहेत, कोर्टात रोजचं जाणं-येणं असलेलीही माणसं आहेत, म्हणून इथेच विचारते.

माझी मावसबहीण. तिचं नाव सांगत नाही. खटला नागपूरचा नाही, विदर्भातल्याच दुसऱ्या एका ठिकाणचा, तेही सांगत नाही. तिने घटस्फोटाचा अर्ज टाकला, पहिली तारीख लागली, आणि सोबत म्हणून मी गणेशपेठच्या स्टँडवरून पहाटेची एसटी धरली. समुपदेशकांच्या खोलीबाहेर एक लाकडी बाक होता. एकच. एका टोकाला ती, मधे मी. थोड्या वेळाने दुसऱ्या टोकाला तो येऊन बसला. मला नमस्कार केला, "ताई, बरं आहे ना सगळं?" म्हणाला. मग खिशातून गाडीची किल्ली काढली आणि बोटावर फिरवत बसला. माझ्या मनात काहीच आलं नाही. तारखेला आलेला माणूस, कंटाळलाय, किल्ली फिरवतोय. बहिणीकडे पाहिलं तर तिने ओढणीचं टोक मुठीत इतकं गच्च धरलेलं की नखं पांढरी पडली होती.

पुकारा झाला, दोघांना एकदमच आत घेतलं. दार अर्धवट उघडं होतं. मॅडम स्वभावाने चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू. आवाज मऊ, घाई नाही. त्यांनी विचारलं, "काही मारझोड वगैरे?" बहीण म्हणाली, "नाही, तसं काही नाही." "मग बिनसलं कशावरून?" "स्वभाव जुळत नाहीत." कागदावर गेलं ते असं: किरकोळ मतभेद, समेटाची शक्यता. पुढची तारीख महिन्याने. तोवर दोघांनी फोनवर बोलत राहावं.

परतीच्या एसटीत तिने बाही वर करून दाखवली. दंडावर चार जुने ओरखडे, समांतर, शिस्तीत काढल्यासारखे. किल्लीचे. चिडायच्या आधी तो नेहमी किल्ली फिरवतो म्हणे. म्हणजे त्या बाकावर माझ्या शेजारी बसून त्याने तिला दम दिला, आणि मला तो ऐकू आला नाही. मॅडमना तरी कसा येणार?

माझा प्रश्न एवढाच. दोघांना एकत्र बसवण्याआधी प्रत्येकाला एकेकट्याने, ठरलेले चार-सहा प्रश्न विचारायची पद्धत आपल्या कोर्टांत का नाही? की आहे, आणि मलाच माहीत नाही?

धरमपेठ_वकीलबाई | सोमवार, रात्री ११.२५

ताई, आधी तातडीचं. बहिणीला म्हणावं, आज रात्री काही झालं तर ११२, आणि नुसतं बोलायचं असेल तर १८१. फोन करताना तो घरात नसावा हे वेगळं सांगायला नको. बाकी कायद्याचं सकाळी.

धरमपेठ_वकीलबाई | मंगळवार, सकाळी ७.५०

आता कायदा. कुटुंब न्यायालय कायदा १९८४ चा, त्यातलं कलम ९ हे सगळ्याचं मूळ. कोर्टाने आधी समेटाचा प्रयत्न करावा असं ते सांगतं. कोर्टात हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे, पण अर्धंच. पुढचा अर्धा भाग असा की प्रकरणाचं स्वरूप आणि परिस्थिती पाहून जिथे शक्य असेल तिथे. मग स्वरूप पाहायचं कसं? अर्जातून कळत नाही, कारण अर्ज आम्ही वकील लिहितो आणि खरं सांगायचं तर निम्मे अर्ज एकाच साच्यातले असतात. सगळ्यांमध्ये 'शारीरिक व मानसिक छळ' हे शब्द असतात, त्यामुळे खऱ्या छळाचा अर्जही त्याच ढिगात जातो. म्हणून माझं म्हणणं, तुम्ही म्हणता तशी चाळणी लावायला कायदा आडवा येत नाही, उलट ती कलम ९ मध्येच बसते. कलम १० प्रमाणे समेटासाठी किंवा खरं-खोटं शोधण्यासाठी कोर्ट आपली कार्यपद्धती स्वतः ठरवू शकतं. कलम ६ खाली समुपदेशक आहेत, कलम ११ खाली बंद खोलीत सुनावणी होऊ शकते. सामान घरात आहे, फोडणी घालायची राहिली आहे.

दुसरी गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा (लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला) वेगळ्या दाराने जातो. कलम १२ चा अर्ज मॅजिस्ट्रेटकडे. घटस्फोट, मुलांचा ताबा कुटुंब न्यायालयात. एकीकडच्या फाइलमध्ये बाईच्या पाठीवरचे वळ लिहिलेले, दुसरीकडच्या फाइलमध्ये 'समेटाची शक्यता'. दोन फाइलींची भेट होईलच असं नाही. कलम २६ प्रमाणे संरक्षणाचा किंवा घरात राहण्याचा आदेश कुटुंब न्यायालयातही मागता येतो, पण तो मागावा लागतो, आपोआप कोणी विचारत नाही.

हिंगणा_टी_पॉइंट | मंगळवार, सकाळी ९.१०

सगळ्यांची माफी मागून दुसरी बाजू मांडतो. माझ्या धाकट्या भावावर ४९८अ, म्हणजे नवऱ्याने-सासरच्यांनी बायकोचा छळ केल्याचं कलम, लागलं होतं, आता त्याला भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ म्हणतात. सहा वर्षं तारखा. आईचं नाव, लग्न झालेल्या बहिणीचं नाव, सगळ्यांची नावं अर्जात. शेवटी निर्दोष सुटले. तुमच्या या चार प्रश्नांत समोरच्या पक्षाच्या वकिलाने शिकवून पाठवलेली बाई चारही उत्तरं 'हो' देईल. मग पहिल्याच दिवशी नवऱ्याच्या कपाळावर 'धोकादायक' असा शिक्का. तो पुसणार कोण?

आणि पुरुषाला कोण विचारणार? बायकोने दाराला कडी लावून उपाशी ठेवलेला माणूस माझ्या ओळखीत आहे. हसू नका.

एडलेडकर_मूळ_महालचा | मंगळवार, दुपारी १.०५

हसत नाही. तुमच्या दोन्ही शंकांचं उत्तर ज्या शहरात मी राहतो तिथल्या कोर्टाने कसं शोधलं ते सांगतो. माझा व्यवसाय कायद्याचा नाही, शेजारच्या एका भारतीय जोडप्याच्या निमित्ताने हे जवळून पाहिलं.

ऑस्ट्रेलियात १ सप्टेंबर २०२१ ला कौटुंबिक खटल्यांची दोन कोर्टं एका छत्राखाली आली. त्याच सुमारास तिथे 'लाइटहाउस' नावाची पद्धत तीन ठिकाणी तपासून पाहत होते: एडलेड, ब्रिस्बेन आणि पॅरामॅटा. २०२२ च्या अखेरीस ती १५ ठिकाणी गेली. मुलांच्या ताब्याबद्दल अर्ज आला की आई आणि बाप दोघांनाही, वेगवेगळी, एक ऑनलाइन प्रश्नावली जाते. पुरुषाला कोण विचारणार म्हणालात ना, तिथे तेच प्रश्न त्यालाही येतात. पंधरा मिनिटांत भरून होते. सक्ती नाही.

आता तुमचा शिक्का. त्या उत्तरांचा पुरावा म्हणून वापर करता येत नाही. दुसऱ्या बाजूला ती दिसत नाहीत आणि निकाल देणाऱ्या न्यायाधीशाच्या टेबलावर जात नाहीत. त्यामुळे खोटं 'हो' लिहून खटला जिंकता येत नाही. उत्तरांवरून एवढंच ठरतं की हा खटला कुठल्या रांगेत लावायचा. धोका जास्त वाटला तर प्रशिक्षित समुपदेशक त्या व्यक्तीशी एकट्याने बोलतो, आणि मग काही खटले एका खास यादीत जातात जिथे कोर्ट लवकर लक्ष घालतं. त्या यादीला एलिझाबेथ एव्हॅट यांचं नाव दिलंय. १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियाचं कौटुंबिक कोर्ट सुरू झालं तेव्हाच्या त्या पहिल्या मुख्य न्यायाधीश.

शेजारणीने ती प्रश्नावली आमच्या स्वयंपाकघरात बसून भरली, माझ्या बायकोच्या लॅपटॉपवर. स्वतःच्या फोनवर का नाही, तर फोनचा पासवर्ड नवऱ्याला माहीत होता. एका प्रश्नापाशी ती दहा मिनिटं थांबली. चहा गार झाला. बायकोने काही न बोलता दुसरा आणून ठेवला.

जुनी_मंगळवारी | मंगळवार, दुपारी ३.३०

हे ऑनलाइन-बिनलाइन इथं चालत नाई जी. आमच्या गल्लीत घरात एकच फोन चांगला, तो नवऱ्याच्या खिशात. बाईकडं साधा, त्यातही रिचार्ज तोच मारते. लिंक आली त आधी तोच पाहीन ना बाप्पा! मंग कोर्टानं पाठवलेल्या प्रश्नानंच बाई मार खाईन.

आन दुसरं. तुमी मंडळी प्रश्न पुस्तकी विचारता. आमच्याकडच्या बाईले विचारा 'मारझोड होते का?' ते नाईच म्हणन. काहून? कारण तिच्या लेखी मारझोड म्हंजे रक्त निघालं, दवाखाना झाला. बाकी त्याले ते म्हणते 'रागात हात उचलते कदीमदी.' 'दोन ठेवून देल्या.' 'जरा तापट हाये.' माह्या शेजारच्या पोरीनं मले सांगतलं होतं, मावशी, ते मारत नाई, फक्त ढकलते. फक्त! जिन्यावरून ढकललं होतं तिले.

मानेवाडा_रोड | मंगळवार, दुपारी ४.१५

मावशी, अगदी हेच. माझ्या बहिणीने 'नाही' म्हटलं ते भीतीने, असंच मला वाटत होतं. काल रात्री पुन्हा फोनवर बोलले तेव्हा म्हणाली, "अगं, किल्लीने ओरखडे काढणं म्हणजे मारझोड हे मला त्या क्षणी सुचलंच नाही."

मेडिकल_चौक_सिस्टर | मंगळवार, रात्री ८.२०

तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढली, त्यातली बरीच रात्रपाळीला, कॅज्युअल्टीत. 'बाथरूममध्ये पडले' हे वाक्य मी किती वेळा लिहून घेतलं असेल याची गणतीच नाही.

प्रश्नांत एक गोष्ट वेगळी काढून विचारा, बाकी सगळं राहिलं तरी चालेल: गळा दाबला का. अमेरिकेत जॅकलिन कॅम्पबेल नावाच्या नर्सबाईंनी १९८० च्या दशकात जिवाचा धोका ओळखायची प्रश्नावली तयार केली (हो, नर्सच, म्हणून मला जरा जास्तच अभिमान). पुढे त्यांच्या गटाने अकरा शहरांतल्या खुनाच्या घटना तपासल्या. ज्या बाईचा गळा नवऱ्याने आधी कधी दाबला होता तिचा खून होण्याची शक्यता सुमारे सातपट निघाली. बाकीचे मोठे इशारे म्हणजे घरात हत्यार असणं, जिवे मारण्याची धमकी, आणि बाई नुकतीच वेगळी झालेली असणं. शेवटचा नीट वाचा. कोर्टाची पहिली तारीख नेमकी त्याच काळात येते. आपल्याला वाटतं बाई बाहेर पडली, सुटली.

आणि गळ्यावर खूण नसली म्हणून काही झालं नाही असं समजू नका. बऱ्याचदा खूण उमटतच नाही. आवाज बसतो, गिळताना दुखतं, डोळ्यांत लाल ठिपके दिसतात, क्षणभर शुद्ध हरपलेली असते आणि तिला ते आठवतही नाही. त्रास काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनीसुद्धा वाढतो. गळा दाबला असेल तर मेडिकल किंवा मेयो, या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांपैकी जे जवळ असेल तिथे त्याच दिवशी जायचं, आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगून एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी दवाखान्याची नोंद, करून घ्यायची.

अजून एक. कॅम्पबेलबाईंच्या पद्धतीत प्रश्नांच्या आधी बाईसमोर कॅलेंडर ठेवतात. गेल्या वर्षभरात कुठल्या दिवशी काय झालं त्यावर खुणा करायच्या. मी हे एकीबरोबर करून पाहिलंय, भिंतीवरचं कालनिर्णय काढून. आधी म्हणाली, "दोन-तीनदा झालं असेल." मग सण धरून आठवायला लागली. संक्रांतीला वाणाच्या पैशावरून. पोळ्याला तो पिऊन आला तेव्हा. मारबतीच्या दिवशी गर्दीत पोरगं हरवलं म्हणून. महालक्ष्म्यांच्या जेवणात मीठ जास्त झालं म्हणून. बारा खुणा झाल्यावर पेन खाली ठेवून नुसती कॅलेंडरकडे पाहत बसली.

कोरा_चहा | मंगळवार, रात्री ९.००

सिस्टर, दंडवत. (नागपूरकर मारबतीला 'घेऊन जा गे मारबत' ओरडत सगळी रोगराई गावाबाहेर काढतात. ही एक राहूनच जाते.)

समुपदेशनाच्या_खोलीतून | मंगळवार, रात्री ११.४५

मी हे काम बरीच वर्षं केलं. कुठे ते लिहीत नाही. मूळ धाग्यातल्या मॅडमच्या बाजूने थोडं बोलायचंय आणि थोडं विरुद्ध.

बाजूने असं की एका दिवसात रांगेत इतकी जोडपी असतात की एकेकट्याला वीस मिनिटं द्यायची म्हटली तर संध्याकाळ होईल. शिवाय वरून विचारणा असते की किती प्रकरणांत समेट झाला. किती बायका सुरक्षित घरी पोहोचल्या असा रकाना कुठल्याच तक्त्यात नसतो. जे मोजलं जातं तेच काम होतं, आपल्याकडे काय नि कुठे काय.

विरुद्ध असं की एकत्र बसवून हिंसेबद्दल विचारणं ही चूकच. मीही सुरुवातीला ती केलीय. नंतर फक्त बाईला वेगळं बोलवायला लागले, आणि त्यातली गोम एका बाईनेच मला शिकवली. म्हणाली, "मॅडम, मला एकटीला आत घेतलंत, आता रात्रभर तो विचारणार, आत काय सांगितलंस." त्यानंतर मी पद्धतच बदलली. आधी पुरुष एकटा, मग बाई एकटी, दोघांना घड्याळ लावून सारखाच वेळ, आणि दोघांनाही बाहेर सगळ्यांसमोर सांगायचं की इथे प्रत्येकाला असंच बोलावतात. मग कोणाला संशय येत नाही. आणि हिंगणावाले दादा, पुरुषांपैकीही काही जण एकटे असताना रडले आहेत. मी ऐकून घेतलंय.

गुप्ततेबद्दल: महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे समुपदेशकापुढे बोललेलं गुप्त राहतं, त्याला साक्षीला ओढता येत नाही. एडलेडमध्ये जी भिंत बांधली तशी आपल्याकडे आधीच आहे. लोकांना ते माहीत नसतं, म्हणून ते बोलत नाहीत. पहिल्या मिनिटाला हे सांगा, निम्मं काम होतं.

आणि एक इशारा. विचारायचं असेल तर पुढे काय करणार ते आधी ठरवा. बाईने सांगितलं 'गळा दाबला', तुम्ही टिकमार्क केला आणि दोघांना एकाच गेटने एकाच वेळी बाहेर सोडलं, तर त्यापेक्षा न विचारलेलं बरं.

गणेशपेठ_कार्यकर्ती | बुधवार, सकाळी १०.३०

शेवटच्या परिच्छेदाला दहादा अनुमोदन.

पुढे काय करायचं याचा कागदही सरकारने २००६ मध्येच छापून ठेवलाय. घरगुती हिंसाचाराच्या नियमांना जे नमुने जोडलेत त्यातला पाचवा नमुना म्हणजे सुरक्षा योजना. काय झालं, त्याचा परिणाम काय, पुढे कशाची भीती वाटते, आणि त्यासाठी काय हवं, असे रकाने. संरक्षण अधिकाऱ्याने, म्हणजे या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने, धोक्याचा अंदाज घेऊन तो भरायचा असतो. पहिला नमुना, म्हणजे घटनेचा अहवाल, सगळे भरतात. पाचवा कोरा राहतो. मी शेकडो फाइली हाताळल्या, भरलेला पाचवा नमुना बोटांवर मोजण्याइतका पाहिला. त्याच नियमांत असंही आहे की समुपदेशनात समोरच्याला 'तिने असं केलं म्हणून मी मारलं' हे समर्थन मांडूच द्यायचं नाही. हे वाक्य खोलीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावायला हवं.

दवाखान्यात चाळणी लावायचा अनुभवही महाराष्ट्राला आहे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'सेहत' ही संस्था आणि महापालिका यांनी २००० च्या सुमारास 'दिलासा' केंद्र सुरू केलं. तिथे नर्स-डॉक्टरांनाच शिकवलं की जखम पाहून खुबीने कसं विचारायचं. त्याही आधी, १९८४ पासून, टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष चालवला. आपल्या नागपुरात अशा बायकांना मदत करणारा पोलिसांचा भरोसा सेल आहे, सरकारचं सखी वन स्टॉप सेंटर आहे. कोर्टातल्या खोलीपासून या जागांपर्यंत बाईचं बोट धरून नेणारं कोणी नसतं, एवढंच कमी आहे.

आणि आकडा हवा असेल तर २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण पाहा. विवाहित किंवा पूर्वी विवाह झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २९.३ टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली ती फक्त १४ टक्क्यांनी. दादा, खोट्या केसेस असतील, नाकारत नाही. पण न बोलणाऱ्यांची रांग त्याहून कितीतरी लांब आहे.

हिंगणा_टी_पॉइंट | बुधवार, सकाळी ११.१५

दोघांना सारखे प्रश्न, सारखा वेळ, आणि उत्तरांचा खटल्यात वापर नाही. असं असेल तर माझी हरकत नाही. माझ्या भावाला पहिल्याच दिवशी कोणी एकट्याने बसवून विचारलं असतं तर सहा वर्षांतली निदान दोन वाचली असती असं वाटतं. बाकी ४९८अ वर आपण स्वतंत्र धाग्यात भांडू.

कोरा_चहा | बुधवार, सकाळी ११.२०

तर्री पोहे घेऊन भांडू.

धरमपेठ_वकीलबाई | बुधवार, दुपारी २.४०

आता मला जे सुचवायचंय ते. सगळे म्हणतात, देशभर एक प्रश्नावली कशी लागू होणार, कोण लक्ष देणार. अहो, आपल्या नागपूरच्याच फॅमिली कोर्टातून निघालेल्या एका प्रकरणाने देशभर एक फॉर्म लागू झालाय! इथल्या कोर्टाने बायकोला महिना १५,००० आणि मुलासाठी वेगळी अंतरिम पोटगी दिली. नवरा नागपूर खंडपीठात हरला, सर्वोच्च न्यायालयात गेला. ४ नोव्हेंबर २०२० ला न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती सुभाष रेड्डी यांनी निकाल दिला, आणि पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी उत्पन्न-मालमत्तेचं ठरावीक नमुन्यातलं प्रतिज्ञापत्र द्यायचं असं सांगून टाकलं. निकालालाच नमुने जोडले. आज कुठल्याही कोर्टात पोटगी मागायला गेलात तरी तो कागद लागतो. नवऱ्याचा पगार, एफडी, गाडी, बायकोचे दागिने, सगळं पानोपानी लिहितो आम्ही. बाईच्या बँक खात्यात काय आहे हे कोर्ट पहिल्या तारखेला लेखी विचारतं. तिच्या जिवाला काही आहे का, हे विचारायला अर्धं पान नाही.

तो फॉर्म यायलाही कोणीतरी भांडावंच लागलं. हाही तसाच येईल, पण सर्वोच्च न्यायालयाची वाट पाहायची गरज नाही. आपल्या पातळीवर तीन गोष्टी आजच होतात. वकिलाने अर्जासोबत साधा एक पानी विनंती अर्ज द्यावा: समुपदेशन स्वतंत्रपणे व्हावं, दोघांना वेगवेगळ्या वेळी बोलवावं, आणि मुलाची भेट असेल तर ती बाईच्या घरी न ठेवता कोर्टाच्या आवारात व्हावी. मी असे अर्ज देते. दरवेळी मंजूर होतात असं नाही, पण रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या तारखेच्या नोंदीत, ते येतं, आणि नोंद आली की माणूस जपून वागतो.

समुपदेशनाच्या_खोलीतून | बुधवार, दुपारी ३.०५

अर्ज नसला तरी बाईने किंवा सोबतच्या माणसाने आधी येऊन शिपायाकडे चिठ्ठी दिली, 'आम्हाला वेगळं बोलायचं आहे', तरी बहुतेक जण ऐकतात. विचारायला लाजू नका.

मानेवाडा_रोड | बुधवार, रात्री १०.१०

सगळ्यांचं वाचून मी वहीत कच्चे प्रश्न उतरवले. तुम्ही दुरुस्त करा.

घरी जायला भीती वाटते का? त्याने कधी हात उचलला, ढकललं, काही फेकून मारलं? गळा दाबला? जिवे मारीन किंवा स्वतःचं काही करून घेईन असं म्हणाला? तुमचा फोन, पैसे, माहेरी जाणं कोण ठरवतं? मुलांसमोर झालं का? वेगळं झाल्यापासून तो मागे येतो का, कामाच्या ठिकाणी, शाळेच्या गेटवर? आणि आज इथून तुम्ही घरी कशा जाणार, कोणासोबत?

जुनी_मंगळवारी | बुधवार, रात्री १०.४५

शेवटचा झकास हाये पोरी. तोच पयला ठेव. त्याच्यात भ्यायसारखं काई नाई, बाई सरळ सांगते, आन सांगता सांगता बाकीचंही निघते.

'गळा दाबला' असं नको लिहू. आमच्या बाया म्हणतीन, नाई, गया नाई दाबला, नरड्यावर हात ठेवला फक्त. किंवा ओढणी ओढली. किंवा तोंडावर उशी. असं विचार: 'श्वास घ्याले तरास होईन असं काई केलं का त्यानं?' मंग कोनतंही असो, त्यात बसते.

मेडिकल_चौक_सिस्टर | बुधवार, रात्री ११.००

मावशी, मला हे तीस वर्षांत सुचलं नाही. आजपासून मीही असंच विचारीन.

आणि 'हात उचलला, ढकललं, फेकून मारलं' हे तीन वेगळे प्रश्न करा. एकत्र विचारले की बाई सगळ्यांना मिळून एकच 'नाही' म्हणते.

गणेशपेठ_कार्यकर्ती | गुरुवार, सकाळी ८.१५

'कोण ठरवतं' हा प्रश्न उत्तम. त्यात 'आधार कार्ड, बँकेचं पुस्तक कोणाकडे आहे' हेही घाला. कागद त्याच्याकडे अडकले म्हणून कित्येक जणी परत जातात.

मानेवाडा_रोड | रविवार, रात्री ९.३०

वकीलबाईंनी सांगितलं तसा एक पानी अर्ज आमच्या वकिलांनी दिलाय. पुढची तारीख आठवड्यावर आली आहे. ती कागदपत्रांची पिशवी घेऊन आधी माझ्याकडे नागपूरला येणार, तारखेला आम्ही इथूनच जाणार आणि इथेच परत येणार. 'आज इथून कशा जाणार' याचं उत्तर निदान तयार आहे.

काल तिला हा धागा दाखवला. सगळा वाचला, हिंगणावाल्या दादांचंही. मग माझी वही मागून घेतली आणि यादीच्या खाली स्वतःच्या अक्षरात एक प्रश्न वाढवला. जसाच्या तसा लिहिते:

'तो काहीही न बोलता असं काय करतो, की तुम्ही गप्प होता?'

जुनी_मंगळवारी | रविवार, रात्री ९.५०

हा राहू दे. याच्यात एक अक्षरही बदलू नको.

तारखेच्या दिशी डबा मी करून देते. किती जन जानार तुमी?

मानेवाडा_रोड | रविवार, रात्री ९.५२

दोघीच मावशी. सकाळच्या साडेपाचच्या गाडीने.